पहिलं बूटिंग कुठे अडतं: स्वतः बांधलेल्या लिनक्समधल्या सर्व्हिस तपासण्याची पद्धत

हाताने बांधलेली लिनक्स प्रणाली आपल्या मशीनवर महिनोन्महिने सुरळीत चालते. मग तिची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढून दुसऱ्या मशीनवर टाकली की पहिल्याच बूटिंगला वेगळंच काही दिसू लागतं. बंद केलेली सर्व्हिस, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, चालू झालेली असते, चालू असायला हवी ती गप्प असते आणि पुन्हा बूट केलं की चित्र परत बदलतं.

माझ्याकडे हे लिनक्स फ्रॉम स्क्रॅच या, लिनक्स स्वतः बांधायला शिकवणाऱ्या पुस्तकाच्या सिस्टमडी आवृत्तीवर घडलं. सिस्टमडी म्हणजे बूट होताना बाकीच्या सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम. राउटरकडून पत्ता मागण्यासाठी मी डीएचसीपीसीडी बसवलं होतं आणि तेच काम करणारं सिस्टमडी-नेटवर्कडी बंद केलं होतं. दोन जुन्या डेस्कटॉपवर तीच इमेज टाकली. आधी मशीन बूटच होईना. ते सुटलं तर नेटवर्कडी आपोआप चालू झालेलं. तेही आवरलं तर दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर उठेना. तिन्ही बिघाड वेगवेगळे वाटले तरी मूळ एकच होतं: पहिलं बूटिंग म्हणजे नेमकं काय, हे मला नीट माहीत नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. हा लेख सिस्टमडी असलेल्या प्रणालींपुरता आहे. आज्ञा, फाइलींची नावं आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांत टाइप करायचे.

हे पहिलं बूटिंग आहे, हे ठरवतं कोण?

एक छोटी फाइल ठरवते: /ईटीसी/मशीन-आयडी. तिच्यात ३२ षोडशमान अंकांची एक ओळ असते, तीच मशीनची ओळख. बूट होताना सिस्टमडी ही फाइल पाहतं आणि चारपैकी एक निष्कर्ष काढतं.

फाइल अजिबात नसेल तर हे पहिलं बूटिंग. फाइलमध्ये ‘अनइनिशियलाइज्ड’ हा एकच शब्द असेल तरीही पहिलंच. फाइल आहे पण रिकामी आहे, तर नवा आयडी तयार होतो, मात्र हे पहिलं बूटिंग धरलं जात नाही. आणि फाइलमध्ये वैध आयडी असेल तर ही जुनीच, बसलेली प्रणाली.

बहुतेकांचा घोळ तिसऱ्या स्थितीत होतो. ‘मशीन-आयडी पुसून टाका’ एवढाच सल्ला वाचून कोणी फाइल काढून टाकतो, तर कोणी ती शून्य बाइटची करतो. दोघांना वाटतं आपण एकच गोष्ट केली, पण परिणाम अगदी वेगळे होतात. रिकाम्या फाइलवर ‘कंडिशनफर्स्टबूट’ची, म्हणजे फक्त पहिल्या बूटिंगला चालण्याची, अट असलेली एकही सर्व्हिस चालणार नाही.

फाइल काढून टाकण्यातही एक खड्डा आहे आणि मी त्यातच पडलो. लिनक्स फ्रॉम स्क्रॅचमध्ये ग्रब या बूट सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या नोंदीत कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ‘आरओ’ असा पर्याय दिलेला असतो. म्हणजे मूळ फाइलसिस्टम आधी फक्त वाचण्यापुरती माउंट होते, म्हणजे जोडली जाते, आणि लिहिण्यायोग्य नंतर होते. सिस्टमडी जागं होतं तेव्हा /ईटीसीमध्ये लिहिता येत नसतं, फाइलही नसते. मग ते सरळ ‘सिस्टम कॅनॉट बूट: मिसिंग ईटीसी मशीन-आयडी’ असं सांगून थांबतं. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी तात्पुरती फाइलसिस्टम) नसलेल्या, स्वतः बांधलेल्या प्रणालींत हे हमखास होतं. म्हणून इमेजमधली फाइल काढून टाकू नका, तिच्यात ‘अनइनिशियलाइज्ड’ हा शब्द लिहा. मग सिस्टमडी खरा आयडी तात्पुरता /रनमध्ये ठेवून या फाइलवर माउंट करतं आणि पहिलं बूटिंग पार पडल्यावर डिस्कवर उतरवतं.

तर पहिली तपासणी ही. मशीन चालू असताना /रन/सिस्टमडी/फर्स्ट-बूट ही फाइल आहे का ते पाहा. ती असेल तर सिस्टमडीच्या लेखी हे बूटिंग पहिलं आहे. ती नसेल, तर तुमची पहिल्या बूटिंगची सर्व्हिस का चालली नाही याचं उत्तर तिथेच मिळालं; युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) चाळत बसण्याची गरज नाही. चाचणीपुरतं कर्नलच्या ओळीत ‘सिस्टमडी.कंडिशन_फर्स्ट_बूट’ हा पर्याय देऊन हो किंवा नाही असं जबरदस्तीने ठरवताही येतं.

आणखी एक जागा पाहायची राहते. डी-बसची, म्हणजे प्रोग्रामांमधले निरोप पोचवणाऱ्या व्यवस्थेची, स्वतःची आयडी फाइल /व्हार/लिब/डीबस/मशीन-आयडी इथे असते. ती /ईटीसीतल्या फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक असायला हवी. ती वेगळी, खरी फाइल असेल तर नवा आयडी बनवताना सिस्टमडी आधी तिथला जुना आयडी उचलतं. मग तुम्ही कितीही पुसा, सगळ्या प्रतींना एकच ओळख मिळते. याचा त्रास लगेच दिसत नाही. नेटवर्कडी डीएचसीपीसाठीची, म्हणजे राउटरकडून पत्ता मागतानाची, आपली ओळख मशीन-आयडीवरूनच बनवतं. त्यामुळे एकाच आयडीची, सारख्याच नावाचं नेटवर्क कार्ड असलेली दोन मशीनं राउटरकडून एकच आयपी पत्ता घेऊन बसतात आणि आपण केबल बदलत राहतो.

बंद केलेली सर्व्हिस चालू कशी झाली?

पहिलं बूटिंग आहे असं ठरलं की सिस्टमडी प्रीसेट नावाची यादी लावतं. कोणती युनिट चालू करायची आणि कोणती नाही, एवढंच त्या यादीत असतं. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीत, ‘पॉप्युलेटेड ईटीसी विथ प्रीसेट युनिट सेटिंग्ज’ अशी ओळ दिसली की समजायचं, यादी लागू झाली.

इथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली अशी की यादीत ज्या युनिटचा उल्लेखच नाही, त्याचं उत्तर ‘चालू’ असं धरलं जातं. मोठ्या वितरणांत शेवटी ‘डिसेबल’ आणि पुढे तारा (*), म्हणजे उरलेलं सगळं बंद, अशी ओळ असलेली फाइल बहुधा असते. स्वतः बांधलेल्या प्रणालीत ती आपण लिहिली तरच असते. ती नसेल तर युनिट फाइलमध्ये इन्स्टॉल विभाग (कशासोबत चालू करायची ते सांगणारा) असलेली प्रत्येक सर्व्हिस पहिल्या बूटिंगला चालू होते, मग ती तुम्ही कधीतरी चाचणीपुरती टाकलेली का असेना.

दुसरी गोष्ट: सिस्टमडीच्या मूळ बांधणीत हे काम एकतर्फी असतं. सिस्टमडी या वेळी फक्त चालू करतं, बंद करत नाही. यादीत ‘डिसेबल’ लिहिलं आणि इमेजमध्ये सर्व्हिस आधीच चालू असली तर ती चालूच राहते. म्हणून यादी लिहून भागत नाही, इमेज बांधतानाच ती एकदा पूर्ण लावावी लागते.

माझं नेटवर्कडी इथूनच उठलं होतं. सिस्टमडीसोबत येणाऱ्या ९०-सिस्टमडी या प्रीसेट फाइलमध्ये नेटवर्कडी चालू करण्याची ओळ असते. मी ‘सिस्टमसीटीएल डिसेबल’ केलं, म्हणजे फक्त ते चालू करणारी सिमलिंक काढली. पहिल्या बूटिंगला प्रीसेटने ती परत लावली. पुस्तकाप्रमाणे आधी लिहिलेली इथरनेटची नेटवर्क फाइलही /ईटीसीमध्ये तशीच पडून होती. झालं! एकाच कार्डवर दोन प्रोग्राम पत्ता मागू लागले.

उपाय सोपा आहे. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम-प्रीसेट या डिरेक्टरीत स्वतःची फाइल बनवा आणि तिचं नाव ००पासून सुरू करा. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि आधी जुळलेली ओळ जिंकते. हव्या त्या सर्व्हिस ‘इनेबल’ म्हणून एकेका ओळीत लिहा, नको त्या ‘डिसेबल’ म्हणून लिहा आणि सर्वांत शेवटी, ९९ने सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये ‘डिसेबल’ आणि तारा. ही शेवटची ओळ ००च्या फाइलमध्ये टाकू नका. मग पुढच्या सगळ्या फाइली निकामी होतात आणि लॉगिनचा प्रॉम्प्ट देणारी गेट्टीसुद्धा चालू होत नाही. नंतर इमेज माउंट करून ‘सिस्टमसीटीएल --रूट’ पुढे माउंटची जागा आणि ‘प्रीसेट-ऑल’ असं चालवा. ‘लिस्ट-युनिट-फाइल्स’च्या तक्त्यात सध्याची स्थिती आणि प्रीसेटची स्थिती शेजारी शेजारी दिसतात. जिथे दोन्ही जुळत नाहीत, ती ओळ थांबून पाहावी.

कुठल्याही परिस्थितीत उठता कामा नये अशी सर्व्हिस असेल तर तिला ‘मास्क’ करा, म्हणजे ती सुरूच होऊ शकणार नाही अशी बंदी घाला. मास्क केलेल्या युनिटला प्रीसेट हात लावत नाही.

चालली नाही, की वगळली गेली?

आता उलट बाजू. सर्व्हिस चालायला हवी होती, चालली नाही. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ काय म्हणतं ते शब्दशः वाचा, कारण ‘फेल्ड’ आणि ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘इनअ‍ॅक्टिव्ह’सोबत ‘कंडिशन’ची ओळ असेल तर काहीही बिघडलेलं नाही, अट पुरी झाली नाही म्हणून सिस्टमडीने ती वगळली. नव्या आवृत्त्या नेमकी कोणती अट ते कंसात सांगतात. ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’च्या यादीत अशी सर्व्हिस कधीच येत नाही, म्हणून ती यादी कोरी दिसली तरी सगळं ठीक आहे असं मानू नये.

‘इनअ‍ॅक्टिव्ह’ आहे आणि अटीची ओळही नाही, तर ती कोणी सुरू करायचा प्रयत्नच केला नाही. ‘इज-इनेबल्ड’ विचारा. उत्तर ‘स्टॅटिक’ आलं तर तिच्यात इन्स्टॉल विभागच नाही, ती दुसऱ्या कोणीतरी ओढून आणायला हवी. सीएच-रूटमध्ये (इमेजच्या आत शिरून) काम करताना इथे हमखास चूक होते. तिथे ‘इनेबल’ चालतं, कारण ते फक्त सिमलिंक बनवतं. ‘स्टार्ट’ मात्र चालत नाही, सिस्टमडी ते सोडून देतं.

‘फेल्ड’ असेल तर सर्व्हिस कशी संपली ते सांगणारा आकडा पाहा. २००च्या पुढचे हे आकडे सिस्टमडीचे असतात, तुमच्या प्रोग्रामचे नव्हेत. प्रोग्राम सुरू होण्याआधीच गाडी अडली, असा त्यांचा अर्थ. २०३ म्हणजे फाइल चालवता आली नाही: परवानगी नाही, पहिल्या ओळीतला शेलचा (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता या प्रणालीत नाही, किंवा स्क्रिप्ट विंडोजवर लिहिल्याने ओळीच्या शेवटी जादा अक्षर चिकटलंय. छोट्या इमेजमध्ये बॅश हा शेल अनेकदा नसतो, आणि स्क्रिप्ट मात्र बॅश मागते; मला भेटलेले २०३ आकड्याचे बहुतेक बिघाड असेच होते. २१७ म्हणजे युनिटमध्ये लिहिलेला वापरकर्ता अस्तित्वात नाही. २२६ आला तर नेमस्पेसची (सर्व्हिसला फाइलींचं वेगळं, मर्यादित दृश्य देण्याची) गडबड आहे: लिहिण्यासाठी मोकळी ठेवायची म्हणून युनिटमध्ये नोंदवलेली डिरेक्टरी ताज्या इमेजमध्ये अजून बनलेलीच नाही, किंवा कर्नल बांधताना तुम्ही लागणारा एखादा पर्याय बंद ठेवला. दुसऱ्या मशीनवर कर्नल वेगळा बांधला असेल तर आधी दोन्ही कॉन्फिग फाइलींची तुलना करा.

हे सगळं वाचायला जर्नल शिल्लक हवं! बऱ्याच आवृत्त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी असेल तरच नोंदी डिस्कवर राहतात, नाहीतर मशीन बंद होताच पहिल्या बूटिंगचा सगळा पुरावा जातो. इमेजमध्ये ती रिकामी डिरेक्टरी आधीच बनवून ठेवा. तिच्या आत मशीन-आयडीच्या नावाने उपडिरेक्टरी बनते आणि जर्नलसीटीएल फक्त सध्याच्या आयडीच्या नोंदी दाखवतं. मधे आयडी बदलला असेल तर जुन्या नोंदी हरवल्यासारख्या वाटतात. त्या ‘--मर्ज’ पर्यायाने दिसतात.

बूटिंग मधेच थांबतं तेव्हा

‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ असा संदेश आणि पुढे सेकंद मोजणारा आकडा दिसत असेल तर मर्यादा किती आहे ते पाहा. दीड मिनिट ही सिस्टमडीची मूळ मर्यादा आहे. दोन मिनिटं असतील तर बहुधा नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन आहे: केबल न लावलेल्या दुसऱ्या कार्डचीही ते वाट पाहतं. ज्या कार्डची गरज नाही, त्याच्या नेटवर्क फाइलमध्ये ‘रिक्वायर्डफॉरऑनलाइन’ला ‘नो’ लिहा.

आकडाच नाही आणि पडदा शांत आहे, तर कदाचित मशीन तुमच्या उत्तराची वाट पाहतंय. सिस्टमडी-फर्स्टबूट ही सर्व्हिस भाषा, कळफलक, वेळेचा पट्टा आणि रूटचा पासवर्ड कन्सोलवर विचारते. लिनक्स फ्रॉम स्क्रॅचचं पुस्तक बांधणीच्या वेळीच ती वगळायला सांगतं, पण तो पर्याय तुम्ही दिला नसेल तर ती असते. पडदा न जोडलेल्या मशीनवर हा प्रश्न कोणालाच दिसत नाही. जी उत्तरं आधीच भरलेली असतात ती ही सर्व्हिस विचारत नाही, म्हणून इमेजवरच ‘सिस्टमडी-फर्स्टबूट --रूट’ चालवून आशिया/कोलकाता हा वेळेचा पट्टा, भाषा, होस्टनेम वगैरे भरून टाका. कर्नलच्या ओळीत ‘सिस्टमडी.फर्स्टबूट’ला ‘नो’ देऊनही प्रश्न बंद होतात. पहिल्या बूटिंगच्या बाकी सर्व्हिस तरी चालतातच.

पहिलं बूटिंग थोडं हळू असणं मात्र साहजिक आहे. /यूएसआर बदललेलं दिसलं की लायब्ररींची आणि हार्डवेअरची सूची नव्याने बांधली जाते. ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’मध्ये ही नावं वर दिसली म्हणून ती सर्व्हिस बंद करू नका. कर्नल ५.४च्या आधीचा असेल तर यादृच्छिक आकड्यांचा साठा भरेपर्यंतही प्रोग्राम अडून राहतात. त्यावर नवा कर्नल हाच चांगला इलाज.

काहीच सुचेना तर कर्नलच्या ओळीत ‘सिस्टमडी.डीबग_शेल’ लिहा. नवव्या टर्मिनलवर पासवर्डशिवाय रूट शेल मिळतं, तिथे ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स’ चालवलं की कोण कोणासाठी थांबलंय ते कळतं. काम झालं की तो पर्याय आठवणीने काढा.

घड्याळाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत घड्याळाची चिप नाही, आणि जुन्या डेस्कटॉपची बटनसेल मेलेली असते. अशा मशीनला पहिल्या बूटिंगला आजची तारीख माहीत नसते. त्या वेळी एचटीटीपीएसवरून काही उतरवणारी सर्व्हिस ‘प्रमाणपत्र अजून वैध नाही’ म्हणून पडते आणि आपण नेटवर्कला दोष देतो. तिला ‘टाइम-सिंक.टार्गेट’ या टप्प्याच्या नंतर ठेवा, आणि सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिसही चालू करा. ती नसेल तर ते टार्गेट वेळ खरोखर जुळण्याआधीच पार होतं. तसंच ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’साठी फक्त ‘आफ्टर’ लिहून चालत नाही, ‘वॉन्ट्स’ही लागतं, एकटं ‘आफ्टर’ क्रम सांगतं, कोणाला बोलावून आणत नाही.

एसएसएचच्या किल्ल्या आणि स्वतःची सर्व्हिस

एसएसएच सर्व्हरच्या होस्ट किल्ल्या, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या फाइली, प्रत्येक मशीनच्या वेगळ्या असायला हव्यात. ओपनएसएसएच स्रोतावरून बसवताना ‘मेक इन्स्टॉल’ त्या तिथल्या तिथे बनवतं, म्हणून इमेजमध्ये त्या आयत्याच जातात. एका मशीनची खासगी किल्ली ज्याच्या हाती लागली, तो मग सगळ्यांच्या नावाने बोलू शकतो. मी त्या इमेजमधून काढल्या, हे बरोबर केलं. पण नव्या बनवायला कोणालाच सांगितलं नाही. जर्नलमध्ये ‘नो होस्टकीज अव्हेलेबल’ एवढंच आलं.

त्यासाठी ‘वनशॉट’ प्रकारची, म्हणजे एकदा काम करून संपणारी, एक छोटी सर्व्हिस पुरते. ती ‘एसएसएच-कीजेन -ए’ चालवते, ‘बिफोर’मध्ये एसएसएच सर्व्हिसचं नाव असतं, आणि एसएसएच सर्व्हिस तिला ‘वॉन्ट्स’ने बोलावते. प्रश्न फक्त अटीचा. माझ्यासारखंच तुम्हालाही ‘कंडिशनफर्स्टबूट’ लिहावंसं वाटेल. तसं लिहू नका.

कारण असं. पहिल्या बूटिंगच्या सर्व्हिस ‘फर्स्ट-बूट-कम्प्लीट.टार्गेट’च्या आधी ठेवायच्या असतात. ते टार्गेट पार झाल्यावरच मशीन-आयडी डिस्कवर उतरतो, त्यामुळे त्याआधी वीज गेली तर पुढचं बूटिंग पुन्हा पहिलंच धरलं जातं. ही सोय उत्तम आहे. पण सर्व्हिस चालून अयशस्वी झाली, तर ‘संपली’ एवढंच सिस्टमडी पाहतं, टार्गेट पार होतं, आयडी लिहिला जातो. पुढच्या खेपेला हे पहिलं बूटिंग नसतं आणि तुमची सर्व्हिस पुन्हा कधीच चालत नाही. एकदाच मिळणारी संधी हुकली की हुकली.

म्हणून अट कामाच्या फळावर ठेवा. किल्लीची फाइल रिकामी नाही हे तपासणारी ‘कंडिशनफाइलनॉटएम्प्टी’ ही अट उद्गारचिन्हाने उलटी करून लिहा. मग किल्ली नसली किंवा वीज गेल्याने शून्य बाइटची उरली, तरी सर्व्हिस पुढच्या बूटिंगला परत प्रयत्न करते. जिथे असं फळ दाखवता येत नाही, उदाहरणार्थ डिस्कचं विभाजन वाढवण्याचं काम, तिथे /व्हार/लिबमध्ये खुणेची फाइल ठेवा आणि ती ‘एक्झेकस्टार्टपोस्ट’मधून बनवा. मुख्य काम यशस्वी झालं तरच ती ओळ चालते. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच खूण करून ठेवणं हा मी पाहिलेला सर्वांत महागात पडणारा प्रकार: काम अर्धवट, खूण मात्र पूर्ण.

‘कंडिशनफर्स्टबूट’ राखून ठेवा अशा कामांना, जी चुकली तरी चालतील पण दुसऱ्यांदा होता कामा नयेत. वापरकर्त्याने नंतर बदललेल्या सेटिंगवर परत मूळ सेटिंग लिहिणं, हे असं काम.

चाचणी

प्रत्येक दुरुस्तीनंतर इमेज खऱ्या डिस्कवर टाकून पाहण्यात दिवस जातात. क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला ‘-स्नॅपशॉट’ पर्याय द्या. मग आभासी मशीनचं लिहिणं मूळ इमेजपर्यंत पोचत नाही आणि प्रत्येक बूटिंग पहिलंच असतं. कन्सोल सिरियल पोर्टवर वळवून सगळे संदेश एका फाइलमध्ये साठवा, म्हणजे दोन खेपा शेजारी ठेवून ताडता येतात.

मात्र दुसरं बूटिंग तपासायला विसरू नका, त्यासाठी स्नॅपशॉट न देता इमेजच्या प्रतीवर चालवा. तीन खेपा करा. पहिलीत सगळं नीट होऊ द्या, मशीन बंद करून परत चालू करा आणि आयडी तोच राहिला का, वनशॉट सर्व्हिस वगळल्या गेल्या का ते पाहा. दुसरीत, ताज्या प्रतीवर, नेटवर्क न देता बूट करा. तिसरीत लॉगिनचा प्रॉम्प्ट येण्याआधीच क्यूईएमयूची प्रक्रिया मारून टाका, म्हणजे ऐन पहिल्या बूटिंगला वीज गेली असं समजा. मग तीच प्रत पुन्हा चालू करा आणि /ईटीसी/एसएसएचमधल्या फाइलींचे आकार बघा. माझ्या इमेजमध्ये या तिसऱ्या खेपेला एक किल्ली शून्य बाइटची सापडली. अट तेव्हा नुसती फाइल आहे की नाही एवढीच पाहत होती. ती त्याच दिवशी बदलली.